नाई म्हने

सर गेल्याची बातमी मला एकाच दिवशी तीन तोंडांनी कळली. शाळेच्या फाटकात शिपायानं सांगितलं, "मॅडम, सर गेले म्हने." स्टाफरूममध्ये गणिताचे शिक्षक म्हणाले, "आपले सर राहिले नाहीत." दुपारी त्यांच्या घरी गेले. मावशी, म्हणजे सरांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चहा ठेवला होता. ते उठलेच नाईत."

सर असते तर त्यांनी ही तिन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली असती आणि वर्गाकडे वळून विचारलं असतं, "यातलं कोनतं वाक्य बोलनाऱ्यानं सवता पाह्यलं?" मी मागच्या बाकावरून हळूच म्हटलं असतं, "मावशींचं, सर." आणि त्यांनी मान हलवून खडू खाली ठेवला असता.

शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं. मी उठले, आणि दोन वाक्यांनंतर बसले. मला बोलता येत नाही. लिहिता येतं, तेही हळू. सभेत सगळे म्हणाले की सर विद्वान होते, शिस्तीचे होते, विद्यार्थिप्रिय होते. त्यातलं शेवटचं खरं आहे. पण पोरं त्यांना 'डिनाय सर' का म्हणायची, हे कुणी सांगितलं नाही. कदाचित सभेत सांगण्यासारखं वाटलं नसेल.

नववीत ते आम्हाला इंग्रजीला आले. इंग्रजीच्या व्याकरणात एक धडा असतो, दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगण्याचा. डायरेक्टचं इनडायरेक्ट करायचं. चिखलीतले बाकीचे शिक्षक तो दोन-चार तासांत उरकायचे. सरांचा तो वर्षभर चालायचा. मध्येच दुसरं काही शिकवत असले तरी गाडी फिरून तिथंच यायची. ते म्हणत, "बाकी व्याकरन चुकलं त मार्क जाते. हे चुकलं त मानूस जाते."

त्या धड्यातही त्यांचा जीव एकाच गोष्टीत होता. नाही. दुसऱ्याचं 'नाही' सांगताना ते कुठं ठेवायचं?

त्यासाठी ते वाक्यच उभं करायचे. एका पोराला 'ही' करायचे, एकाला 'सेड', आणि मला नेहमी 'दॅट'. मी बारीक होते, गप्प होते, आणि हात पसरून उभी राहिले की दारासारखी दिसत होते. जो 'नॉट' असेल त्याला सर आपला लाल रुमाल गळ्यात बांधायला द्यायचे. मग सुरू व्हायचं.

"दॅट म्हंजे दार. दाराच्या आत जे हाय ते दुसऱ्याचं बोलनं. दाराच्या बाहेर जे हाय ते सांगनाऱ्याचं. नॉट, आत जा."

नॉट माझ्या हाताखालून वाकून पलीकडे जायचा.

"ही सेड दॅट ही वुड नॉट कम. काय झालं?"

"तो म्हनला, मी नाई येत," वर्ग म्हणायचा.

"आता नॉट, बाहेर ये. ही डिड नॉट से दॅट ही वुड कम. आता काय झालं?"

"तेच झालं सर. नाई येत."

"तेच कसं बे? येतो असं त्यानं म्हटलं नाई, एवढंच झालं. उद्या येईन बी. तुमी त्याची पोळी टाकली नाई आन तो दारात येऊन उभा राह्यला, त मंग?"

यावर कुणी तरी म्हणायचं, "मंग माय आपली देते त्याले," आणि सर हसायचे. पण नॉटला मात्र दोन-तीनदा आत-बाहेर करायला लावायचे. माझे हात भरून यायचे. मी खाली घ्यायची नाही.

'थिंक' आला की ते वेगळा सूर लावायचे. "थिंकचं दार उघडंच असते. तो येनार नाई असं वाटते, म्हना, नाई त तो येईन असं वाटत नाई, म्हना, बैल त्याच गोठ्यात जाते. आन इंग्रज मानूस सभ्य. तो नाई आपल्या वाटन्यावर घेते, दुसऱ्याच्या येन्यावर टाकत नाई. पन 'से'च्या वेळी असं चालत नाई. तिथं धुरा ओलांडला की वावर दुसऱ्याचं." धुरा म्हणजे बांध, आणि वावर म्हणजे शेत, हे आमच्या वर्गात कुणाला सांगावं लागत नव्हतं. इंग्रजीचं व्याकरण मला आजही शेताच्या हद्दींसारखं दिसतं, ते त्यामुळे.

'डिनाय' हे त्यांचं सगळ्यात लाडकं क्रियापद. मागच्या बाकावरच्या एका पोराला त्यांनी वाक्य दिलं होतं: 'मी पेरू चोरला नाही,' मुलगा म्हणाला. पोरानं लिहिलं, मुलानं नाकारलं की त्यानं पेरू चोरला नाही. इंग्रजीत लिहिलं होतं, पण अर्थ असा.

"म्हंजे चोरला," सर म्हणाले.

"नाई सर, नाई चोरला."

"तू लिहिलं काय? चोरला नाई, हे नाकारलं. म्हंजे चोरल्याचं कबूल. डिनाय हे क्रियापद गाभन हाय लेका. त्याच्या पोटातच नाई हाय. त्याले बाहेरून आनखी एक नाई काऊन बांधतं?"

"सर, पन तो पोरगा नाई म्हनला होता. मी त्याचा नाई कसा काढून घेऊ?"

सरांनी पोराची वही पुन्हा वाचली. मग त्यांनी त्या चुकीच्या वाक्याला अर्धा मार्क दिला. बोर्डात हा अर्धा मिळणार नाही, हेही सांगितलं. पुढे स्टाफरूममध्ये कुणी यावरून त्यांची चेष्टा केली तेव्हा ते म्हणाले, "ही इमानदारीची चूक हाय. दुसऱ्याचा शब्द मोडायले पोरगं भेते. जसं आयकलं तसं सांगते. याच्यापेक्षा जास्त तुमी-आमी काय शिकवनार?"

दुसऱ्या दिवशी त्या पोरानं टेबलावर दोन पेरू आणून ठेवले. "सर, हे घ्या. मी डिनाय नाई करत." तेव्हापासून ते डिनाय सर झाले. त्यांना ते ठाऊक होतं. आवडतही असावं.

एकदा शाळेत पुण्याहून एक बाई प्रशिक्षणाला आल्या होत्या. त्यांनी सरांचा तास पाहिला आणि नंतर फार गोड आवाजात विचारलं, "वर्गातही आपण अशीच भाषा वापरता?"

"हाव," सर म्हणाले.

बाई काही तरी लिहू लागल्या. सरांनी त्यांचं लिहून होऊ दिलं. मग म्हणाले, "बाई, तुमी म्हनता, मी येणार नाही. नाही शेवटी. आमी म्हनतो, मी नाई येत. नाई आधी. इंग्रजीचा नाई बी आधीच. आमचं पोरगं घरूनच अर्ध्या वाटेवर येऊन बसलेलं हाय. तुमचं पोरगं अजून निघालंच नाई."

बाईंनी हे लिहून घेतलं की नाही, ते मला दिसलं नाही.

मराठीत 'नाही' बहुतेक वेळा शेवटी येतं, याची सरांनी इतकी धास्ती घेतली होती की समोरच्याचं वाक्य संपलं तरी ते उत्तर देत नसत. डोळे बारीक करून थोडं थांबत. न जाणो, अजून एक नाही यायचं राहिलं असेल. चहाच्या टपरीवर नवखा माणूस गोंधळायचा. टपरीवाला त्याला सांगायचा, "बोला तुमी, सर नाईची वाट पाहून राह्यले." मोबाइल नवे नवे आले तेव्हा तर त्यांनी जाहीरच केलं की महत्त्वाचं काहीही फोनवर बोलायचं नाही. रेंज जाते ती नेमकी वाक्याच्या शेवटी जाते, आणि शेवटीच नाही असतं. "पैसे देतो म्हनला का देत नाई म्हनला, हे टॉवरच्या हातात काऊन द्यावं?" पुढे त्यांच्या मुलानं त्यांना फोन घेऊन दिला. तो मावशींच्या पिठाच्या डब्यावर पडलेला असायचा.

एवढा 'नाही'चा अभ्यास केलेल्या या माणसाला स्वतःला मात्र कुणालाही नाही म्हणता येत नसे. शाळेतलं कुणाला नको असलेलं प्रत्येक काम त्यांच्याकडे यायचं. सुट्टीतली पेपरतपासणी, स्नेहसंमेलनाचं स्टेज, रांगोळीचं परीक्षण. रांगोळीतलं त्यांना काही कळत नव्हतं. ते सगळ्यांना पहिला नंबर देऊन यायचे. शेजारचे एकदा गावाला जाताना शेळी ठेवून गेले. दोन दिवसांचं सांगून पंधरवड्यानं परतले. तोवर शेळीनं मावशींची तुळस संपवली होती. मावशी मला म्हणाल्या, "याइले नाई शिकवता येते, म्हनता येत नाई. आन म्या सांगितलं की शेळीले नाई म्हना, त मले म्हनते, शेळीनं कुठं इचारलं?"

सर मूळचे सुलतानपूरचे. तिकडे थोडी शेती होती, ती भाऊ बघायचा. निवृत्त झाल्यावर ते गावाकडे जातील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ते चिखलीतच राहिले आणि रोज सकाळी शाळेच्या लायब्ररीत पेपर वाचायला यायला लागले. त्या लायब्ररीत तेव्हा मी नुकती लागले होते. म्हणजे शाळेत त्यांनी मला दार केलं होतं, आणि आता मी त्यांच्यासाठी दार उघडत होते. गेल्या महिन्यापर्यंत हे चाललं. पेपर वाचता वाचता ते पेन्सिलीनं बातमीतल्या प्रत्येक 'असे समजते'भोवती गोल करायचे. "कोनाले समजते?" असं पुटपुटायचे. आपल्या बोलण्यातला 'म्हणे' तर त्यांना मुळीच सहन होत नसे. म्हणे म्हटलं की सांगणारा सुटला, ज्यानं म्हटलं तोही सुटला, आणि ज्याच्याबद्दल म्हटलं तो एकटा अडकला, असं त्यांचं मत होतं.

त्या 'म्हणे'त मीही एकदा अडकले होते. सरांविषयी लिहायचं तर ते लिहायलाच हवं.

लायब्ररीत लागून वर्ष झालं असेल. धाड गावचं एक स्थळ आलं. सोयरिकी जमवणारे आमच्या नात्यातले एक मामा होते, त्यांनी आणलं. मुलगा धाडला कृषी केंद्र चालवायचा. वडील नव्हते, घर आणि वावर आई बघायची. पाहण्याच्या दिवशी बाकीच्यांनी नेहमीचं विचारलं, स्वयंपाक, उंची, रास. त्यानं विचारलं, "लायब्ररीत सगळ्यात जास्त कोणतं पुस्तक फाटतं?"

मी म्हटलं, "गोष्टींचं. न फाटलेली पुस्तकं आहेत, पण ती कुणी नेत नाही."

तो हसला. मला तो प्रश्न आवडला, माणूसही आवडला. हे मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरात ते विचारायची पद्धत नव्हती.

आठवड्यानं मामा आले. बाबांनी पाणी दिलं. मामा पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "त्याइचं नाई म्हने."

"काऊन?" बाबा.

"काऊन ते मले काय माहीत. नाई म्हने बा. दुसरं पाहू."

मी आत होते. मामा गेल्यावर बाबा आईला म्हणाले, "मले वाटलंच होतं. पुस्तकं वाचून वाचून पोरगी मुकी झाली. मुक्या पोरीले कोन करते?"

दुसऱ्या दिवशी सर पेपर वाचायला आले. पेपर उघडला आणि माझ्याकडे बघून मिटला. "काय झालं?"

"काही नाही सर. धाडचं नाही म्हणे."

सर नेहमीसारखे थोडे थांबले. मग म्हणाले, "कोन म्हने?"

"मामा."

"मामाले कोन म्हने?"

"त्यांच्या घरचे."

"घरचे म्हंजे? पोरगा, का माय?"

"माहीत नाही."

"शब्द काय होते?"

"माहीत नाही सर."

"मंग तुले माहीत काय हाय?"

"नाई म्हने, एवढंच."

त्यांनी पेन्सिल काढून पेपरच्या कोऱ्या समासात ते दोन शब्द लिहिले. "याचे किती अर्थ होतात, पाह्य. त्याइनं नाई म्हटलं, हा एक. त्याइचं नाई असं कोनाच्या तरी आयकन्यात आलं, हा दुसरा. आन त्याइनं हो म्हटलं नाई, त मामानं घाईनं नाई बाहेरून उचलून आत टाकला, हा तिसरा." मग विचारलं, "तुले तो पोरगा पसंत होता का?"

हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी मान हलवली.

"तोंडानं सांग."

"हो," मी म्हटलं.

धाडच्या बाजाराच्या दिवशी सर मावशींना मिरच्या आणायला जातो असं सांगून गेले. संध्याकाळी थेट आमच्या घरी आले. मिरच्यांची पिशवी दाराशी ठेवली, बाबांसमोर बसले आणि म्हणाले, "पोराच्या मायले भेटून आलो. ती जे म्हनली ते तिच्याच शब्दात सांगतो. माझा एक बी शब्द नाई. ती म्हनली, पोरगी चांगली हाय. पोराले बी पसंत हाय. पन ती रोज चिखलीले नोकरीवर जाऊन राह्यली त घरचं कोन पाह्यन? नोकरी सोडत असन त पाहू. नाई त मी काही हो म्हनत नाई."

बाबांचा चेहरा उजळला. "मंग हे त होच झालं."

"हो नाई झालं. नाई बी नाई झालं."

"झालंच समजा. नोकरी सोडते ती. त्यात काय हाय?"

"ती म्हनली का, सोडते?"

आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. बाबा म्हणाले, "तिले काय इचाराचं मास्तर? इतक्या दिवसानं चांगलं घर आलं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या. तो माणूस हवा होता. आणि सकाळी कुलूप काढल्यावर येणारा जुन्या कागदाचा वास हवा होता, मधल्या सुट्टीत आठवीची पोरं टेबलाभोवती घोळका करतात तो घोळका हवा होता. त्या माणसाला मी मुकी वाटले नव्हते, आणि लायब्ररीतही मला कुणी मुकी म्हणत नव्हतं. यातलं एक सोडायचं, तर दुसरं मिळणार. ते कोणतं सोडायचं, हे बाबांनी ठरवूनही टाकलं होतं.

मी म्हटलं, "सर, तुम्हीच त्यांना सांगा. नोकरी मी सोडणार नाही."

बाबा काही बोलायच्या आत सर म्हणाले, "मी सांगितलं त ते रिपोर्टेड व्हईल. आन रिपोर्टेडमधी तुहा नाई कुठं जाऊन बसन याचा भरोसा नाई." मग जरा ओशाळून म्हणाले, "दुसरं असं, की मले नाई म्हनता येत नाई, हे तुले ठाऊक हाय. मी तिथं चहा पिईन, काही तरी गुळमुळीत बोलीन आन आनखी मिरच्या घेऊन येईन. तू चाल."

"लग्नाच्या आधी पोरगी सवता तिकडं जाईन?" बाबा म्हणाले. "लोक काय म्हनतीन?"

"लोक 'म्हने' म्हनतीन," सर म्हणाले.

बाबांना हसू आलं, ते त्यांनी लपवलं. आई आतून म्हणाली, "जाऊ द्या तिले." आणि लाटणं पुन्हा सुरू झालं.

रविवारी आम्ही जीपनं धाडला गेलो. रस्ताभर मी मनात वाक्य जुळवत होते आणि मोडत होते. सरांनी एकदाच विचारलं, "झालं का?" मी नाही म्हटलं. ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

त्या काकू ओट्यावर सुपात ज्वारी निवडत होत्या. उंच, हाडकुळ्या, कपाळावर आठ्या. सरांना बघून म्हणाल्या, "मास्तर, पुन्हा आले?" मग मागे मी दिसले. त्यांचा हात सुपातच राहिला. "पोरीले बी आनलं का. बस माय. पोरगा दुकानात हाय."

"मी तुम्हालाच भेटायला आले, काकू," मी म्हटलं.

"बोल."

मी सुपाकडे बघत बोलले. "मी नोकरी सोडणार नाही, असं म्हणते. लग्न करणार नाही, असं म्हणत नाही."

काकूंनी सरांकडे पाहिलं. "ही काय म्हनून राह्यली, मास्तर?"

सरांना या वाक्यावर तासभर बोलता आलं असतं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरले आणि म्हणाले, "तिलेच इचारा."

"नोकरी सोडत नाई. बरं. मंग घरचं कोन पाह्यन?"

"आत्ता कोण पाहतं?"

"मीच पाह्यते. दुसरं कोन हाय?"

"सकाळचं मी करून जाईन. संध्याकाळी येऊन मी करीन. मधलं तेवढं तुम्ही."

"आन मी मेल्यावर?"

"तोवर त्यांना शिकवू."

"कोनाले?"

"तुमच्या मुलाला."

काकू सूप बाजूला ठेवून माझ्याकडे नीट बघायला लागल्या. "त्याले चहा बी येत नाई."

"शिकवला नाही म्हणून येत नसेल."

त्या हसल्या नाहीत, पण आठ्या थोड्या सैल झाल्या. "तुह्या मामानं काय सांगितलं होतं आमच्या घरी, ठाऊक हाय का? पोरगी गरीब हाय, तोंडातून शब्द काढत नाई म्हने."

"तुमच्याबद्दल आमच्याकडे सांगितलं, नाई म्हने."

"मी कुठं नाई म्हनलं?" काकूंचा आवाज चढला. "मी हो म्हनलं नाई. नाई कवा म्हनलं?"

सरांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान मी तेव्हा पाहिलं, ते कोणत्याही बोर्डाच्या निकालाला पाहिलं नव्हतं.

काकूंनी आत जाऊन चहा ठेवला. कप आमच्या हातात देऊन म्हणाल्या, "मले इचार करू दे. पुढच्या बाजारी तुह्या बापाले पाठव. मास्तरले बी. आन त्या मामाले घरीच बसू द्या."

आम्ही परतलो तेव्हा बाबा दारातच होते. त्यांनी सरांना विचारलं, "काय म्हनल्या?"

सरांनी माझ्यासाठी बाजूला सरकून जागा केली.

"त्या नाही म्हणाल्या नाहीत," मी म्हटलं.

"म्हंजे हो म्हनल्या?"

"हो पण म्हणाल्या नाहीत."

"मंग म्हनल्या काय?"

"पुढच्या बाजाराला तुम्हाला बोलावलंय. मामांना सोडून."

"आन नोकरी?"

"मी सोडणार नाही असं सांगितलं. मी सांगितलं, सरांनी नाही."

बाबा पायरीवर बसले. रागावले असं मला वाटलं. मग त्यांनी सरांना विचारलं, "मास्तर, तुमी येता का संग?"

सर हो म्हणाले. दुसरं काही म्हणणं त्यांना शक्यही नव्हतं.

बाजाराच्या दिवशी दोघं सकाळच्या जीपनं गेले. आई म्हणाली, आज रजा काढ, देवापुढं बस. मी काढली नाही. त्या दिवशी आठवीच्या दोन्ही तुकड्यांचा वाचनाचा तास होता. पोरं आली, पुस्तकं ओढाओढी झाली, एका गोष्टीच्या पुस्तकाचं कव्हर माझ्यासमोर निघून आलं. मी ते खळ लावून चिकटवलं आणि त्यावर दुसरी जड पुस्तकं ठेवली. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. दुपारभर फाटकाकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होते.

शाळा सुटली. शिपाई खिडक्या लावून गेला. मी कुलूप लावून बाहेर आले तर बाबा फाटकाशी उभे होते. एकटेच. सर बसस्टँडवरूनच घरी गेले होते. पुढचं तुम्ही सांगा, तुमची पोरगी आहे, असं म्हणाले होते. हे मला नंतर कळलं. बाबांच्या चपलांवर धाडच्या बाजाराची धूळ होती. लहानपणी पाठीवर दप्तर असायचं, ते घ्यायला ते हात पुढे करायचे, तसा त्यांनी हात पुढे केला आणि माझी पिशवी घेतली.

"चाल," ते म्हणाले. "तुह्या सासूनं इचारलं हाय, लायब्ररी किती वाजता सुटते."